अण्णांसाठी गाऊ नका, ऐका

प्रति,
आपल्या तबकडी-मंडळातले सर्व श्रोते,
सांगली, मिरज, बेळगाव, फोंडा, पुणे, मुंबई, इंदूर, बडोदा, न्यू जर्सी आणि आणखी जिथे कुठे आपली माणसं असतील तिथे

सप्रेम नमस्कार.

अण्णांच्या स्मरणार्थ काय करायचं यावर मंडळात बरीच चर्चा चालू आहे. कुणी म्हणतं, प्रत्येकाने घरी बसून त्यांच्या आवडीचं एकेक पद गावं आणि ते तुकडे जोडून एक व्हिडिओ करावा. कुणी म्हणतं, त्यांनी उतरवून ठेवलेल्या रेकॉर्डांची खरखर नव्या सॉफ्टवेअरने काढून एक स्वच्छ संच सगळ्यांना वाटावा. आणि परवा तिसरी सूचना आली, की त्यांचे जुने व्हॉइस मेसेज वापरून यंत्राकडून त्यांचा आवाज तयार करून घ्यावा आणि त्या आवाजात कार्यक्रमाचं निवेदन व्हावं. या सगळ्यामागे अण्णांवरची मायाच आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तिन्ही गोष्टींना माझा विरोध आहे, आणि तो चार ओळींत मावणारा नाही. पत्र उघड लिहितो आहे, कारण जुन्या रेकॉर्डी जमवणारी, ऐकणारी आपल्यासारखी मंडळं आणखीही आहेत. त्यांच्यातलीही माणसं जातात आणि मागे राहिलेल्यांना हेच प्रश्न पडतात.

अण्णांचं पूर्ण नाव मी इथे घालत नाही. पत्र कुठेही फिरेल, आणि वहिनींना आताच जुन्या वस्तूंच्या दलालांचे फोन येऊ लागले आहेत. तेरावा होतो न होतो तोच एकाने 'सगळा माल किलोवर देणार का' असं विचारलं. आपल्याला 'अण्णा' एवढं पुरे आहे.

आपल्यातल्या बहुतेकांनी त्यांना प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. त्यांची आपली ओळख झाली ती त्यांनी पाठवलेल्या फाइलींमधून आणि त्याखाली लिहिलेल्या टिपणांमधून. त्यामुळे एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसावी. अण्णा गात नसत. पेटीला त्यांनी कधी हात लावला नाही, तबल्यावर कधी थाप मारली नाही. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये सगळी नोकरी झालेला हा माणूस, गाडी आत येतानाच इंजिनाच्या आवाजावरून बिघाड कुठे आहे ते सांगायचा. निवृत्त झाल्यावर तेच कान त्यांनी लाखेच्या तबकड्यांना, म्हणजे जुन्या ग्रामोफोन रेकॉर्डींना लावले. 'माझ्या गळ्यात काही नाही, जे आहे ते कानात,' असं ते सांगायचे. अशा माणसासाठी आपण गायला निघालो आहोत, हेच मला पटत नाही.

गेलेल्या माणसाची आठवण गाण्यातून ठेवायची रीत आपल्या मुलखात जुनी आहे. किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ च्या ऑक्टोबरात मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेतच गेले. दफन मिरजेला झालं. मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला आजही गाणारे-वाजवणारे हजेरी लावायला येतात, आणि अण्णा दर वर्षी सांगलीहून तिथे जाऊन मागच्या बाजूला बसायचे. खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व १९५२ साली गेले. दुसऱ्याच वर्षी भीमसेनजींनी पुढाकार घेऊन पुण्यात त्यांच्या पुण्यतिथीचा उत्सव सुरू केला, तो आज केवढा मोठा झाला आहे ते आपण पाहतोच. त्या महोत्सवाचा शेवट जिवंत गाण्याने होत नाही. बड्या बड्या गवयांचं गाऊन झालं की सवाई गंधर्वांची भैरवीची जुनी रेकॉर्ड लावतात, आणि मंडपातली हजारो माणसं जागेवर बसून ती खरखर, तो आवाज ऐकतात. अण्णांना सगळ्या महोत्सवात तेवढी तीन मिनिटं सर्वांत मोठी वाटायची.

पण या रिती गुरूंसाठी आहेत, उस्तादांसाठी आहेत. नुसत्या श्रोत्याची पुण्यतिथी आपल्याकडे कुणी करत नाही. तशी पद्धतच नाही, आणि म्हणूनच आपण गाणाऱ्यांसाठीची तयार पद्धत उचलून अण्णांना लावतो आहोत. माझं म्हणणं एवढंच, की जन्मभर ऐकणाऱ्याची आठवण ऐकूनच व्हावी. आणि तीही तो जसं ऐकायचा तसं ऐकून.

ते कसं ऐकायचे, हे मंडळात नंतर आलेल्यांसाठी जरा सविस्तर लिहितो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा अण्णांच्या घरी खालच्या खोलीत पत्र्याच्या दोन ट्रंका रेकॉर्डींनी भरलेल्या होत्या. बाकीचा संग्रह वर माळ्यावर होता, तो वाचला. पाणी ओसरल्यावर ट्रंका उघडल्या तर आत कागदी पाकिटांचा लगदा. लेबलंही सुटून त्याच लगद्यात मिसळलेली. लाखेला पाण्याने लगेच धोका नसतो, त्यामुळे तबकड्या बहुतेक शाबूत होत्या, पण कुठली कुणाची हे सांगणारं काहीच उरलं नव्हतं. सगळ्या सारख्याच काळ्या आणि बिननावाच्या. अण्णांनी एकेक तबकडी साध्या पाण्याने धुतली, मऊ कापडाने टिपली आणि सावलीत भिंतीला उभी करून वाळवली. उन्हात ठेवली असती तर लाख मऊ पडून वाकली असती. कुणीतरी स्पिरिटने पुसा म्हणून सुचवलं, तेव्हा एरवी शांत असणारे अण्णा भडकले होते. सुतार चपडा विरघळवतात तो स्पिरिटमध्येच, आणि चपडा म्हणजे लाखच. स्पिरिटच्या एका बोळ्याने गाणं कायमचं पुसलं जातं.

मग खरं काम सुरू झालं. लेबल गेलं तरी त्याच्या कडेला तबकडीच्या अंगातच एक आकडा दाबलेला असतो, कंपनीच्या साच्याचा. नुसत्या डोळ्याला तो सहसा दिसत नाही. टॉर्च अगदी आडवा, तबकडीला टेकवून धरला की त्या आकड्याच्या कडांची सावली पडते आणि एकेक अंक वर येतो. अण्णा रोज रात्री जेवणं उरकल्यावर टॉर्च घेऊन बसायचे. आकडा वाचायचा, जुन्या कॅटलॉगांच्या झेरॉक्समध्ये शोधायचा, जुळला तर वाजवून खात्री करायची. जो आकडा वाचताच येत नसे ती रेकॉर्ड उतरवून आपल्याकडे पाठवायचे. सोबत एकच शब्द, 'ओळखा'.

आपलं मंडळ खऱ्या अर्थाने जमलं ते या पुराच्या रेकॉर्डींमुळे. फोंड्याच्या ताईंनी नुसत्या उच्चारावरून गाणारी बाई कुठल्या भागातली ते सांगितलं. बेळगावच्या मास्तरांनी एका तानेवरून घराणं सांगितलं. इंदूरच्या काकांनी लिहिलं होतं, 'ही पेटी नव्हे, ऑर्गन आहे, म्हणजे नाटकवाल्यांपैकी कुणीतरी बघा,' आणि ते बरोबर निघालं. एकमेकांना कधीही न भेटलेली माणसं एका बिननावाच्या तबकडीभोवती अशी बसली होती. असं बसणं मला दुसरीकडे कुठे मिळालेलं नाही.

दुसरी गोष्ट वेगाची. आपण सहज अठ्ठ्याहत्तरची रेकॉर्ड म्हणतो, पण सुरुवातीच्या काळातल्या सगळ्याच काही मिनिटाला नेमक्या ७८ फेऱ्यांवर भरलेल्या नसत. ७४ फेऱ्यांवर भरलेली रेकॉर्ड ७८ वर वाजवली तर पांढरी पाचात गाणारा गवई काळी चारात, म्हणजे पेटीवर अर्धा सूर वर जातो. आवाज विनाकारण पातळ होतो, लय घाईची होते, आणि ऐकणारा म्हणतो, 'जुने लोक जरा चिरकंच गायचे, नाही?' हे वाक्य अण्णांना फार लागायचं. त्यांनी मोटरला स्वतःच्या हाताने रेग्युलेटर बसवला होता. एकाच गायकाच्या वेगवेगळ्या रेकॉर्डी लागोपाठ लावायच्या, त्याची नेहमीची पट्टी कुठली ते कानाने पक्कं करायचं आणि मग वेग त्या पट्टीला आणायचा. सुईही तशीच. एल.पी.ची बारीक सुई या रुंद खाचेत तळाशी लोळते आणि नुसती घाण वाजवते, तिच्या जवळजवळ तिप्पट जाड सुई लागते. एका बाजूसाठी त्यांच्या दोन-दोन रात्री जायच्या. आपल्याला पोचायची ती तीन-सव्वातीन मिनिटांची फाइल, आणि टिपणात एक ओळ: 'पट्टी काळी दोन धरून ७६.'

तिसरी गोष्ट साथीदारांची. मला वाटतं, अण्णांचा जीव सगळ्यात जास्त यात होता.

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेझबर्ग कलकत्त्याला आला आणि त्याने गायिका गौहरजानचा आवाज भरला. त्या वेळच्या रेकॉर्डींच्या शेवटी गाणारी व्यक्ती स्वतःचं नाव पुकारताना ऐकू येते. रेकॉर्डी छापायला पार जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, तिकडच्या माणसांना कोण गातंय ते कळायला हवं. तीन मिनिटांतले काही क्षण असे नावासाठी राखलेले असायचे. पण ते नाव एकाचंच. तबलजीचं नाही, सारंगियाचं नाही. १९२५ पर्यंत रेकॉर्डी भरायला मायक्रोफोनच नव्हता. गाणारा भोंग्याच्या तोंडाशी, साथीदार मागे. म्हणून त्या काळच्या रेकॉर्डीत तबला शेजारच्या घरात वाजल्यासारखा येतो. गंधर्व नाटक मंडळीत थिरकवाँसाहेबांचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी ऐकायला माणसं तिकीट काढून जायची. लेबलावर मात्र साथीदारांच्या नावाला जागा क्वचितच मिळे.

अण्णांच्या टिपणांत साथीदारांसाठी कायम वेगळी ओळ असायची. पेटी कोण, तबला कोण, सारंगी कोण. ठाऊक असेल तर नाव आणि ते कशावरून ठरवलं तेही. ठाऊक नसेल तर 'शोध सुरू'. त्यांनी कधी अंदाजाने नाव लिहिलं नाही. केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ मध्ये नासाच्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अंतराळात गेली, हे आपण किती अभिमानाने एकमेकांना सांगतो. गोव्यातल्या केरी गावात जन्मलेल्या बाईंचा आवाज सूर्यमालेच्या पलीकडे गेला, आणि दुसरं यान उडाल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत बाईच गेल्या. अण्णांनाही ही गोष्ट सांगताना भरून यायचं. पण सांगून झालं की लगेच त्यांचा प्रश्न यायचा: 'आणि तबल्यावर कोण बसलं होतं? तोही गेला ना बाईंबरोबर?'

आता आपल्यापुढच्या सूचनांकडे येतो.

गाण्याच्या व्हिडिओबद्दल मला जे वाटतं ते वर आलंच आहे. त्यात आणखी एक व्यवहाराची अडचण आहे. फोनवरून किंवा संगणकावरून आपल्याला एकत्र गाता येत नाही. आवाज इकडून तिकडे पोचायला क्षणभर लागतो, तेवढ्यात सम हुकते. म्हणजे प्रत्येकाने एकटं गायचं आणि नंतर कुणीतरी कात्रीने जोडायचं. त्यात एकत्र असं काही नाही. एकत्र ऐकता मात्र येतं, आणि ते अण्णांनीच आपल्याला दाखवलं. २०२० च्या टाळेबंदीत रात्री नऊच्या ठोक्याला सगळ्यांनी आपापल्या घरी एकच बाजू सुरू करायची, संपेपर्यंत कुणी काही लिहायचं नाही, हा त्यांचा नियम होता. न्यू जर्सीच्या ताईंकडे तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजलेले असायचे. त्या दिवसांत रोज कुणाच्या ना कुणाच्या घरून वाईट बातमी येत होती. बाजू संपल्यावर पहिलं कुणी लिहायचं म्हणून सगळेच थांबलेले असायचे. मग बडोद्याचे भाऊ लिहायचे, 'काय मींड घेतली हो!' आणि पुढे तासभर लोक फक्त गाण्याबद्दल बोलायचे. ज्यांनी तो काळ त्या तासाच्या आधाराने काढला त्यांना मी याहून जास्त काय सांगू?

खरखर काढण्याबद्दल. अण्णा काहीच साफ करत नव्हते असं नाही. चिरेमुळे येणारा टक्-टक् आवाज ते एकेक करून, हाताने काढायचे. पण खाचेची जी सलग खरखर असते तिला ते हात लावत नसत, आणि याला कारण होतं. ती खरखर खालपासून वरपर्यंत सगळ्या सुरांत पसरलेली असते. यंत्राने ती सरसकट उपसली की तिच्याबरोबर तंबोऱ्याच्या जवारीची झळाळी जाते, सारंगीच्या गजाचा वरचा धागा जातो, आणि 'स', 'श' बोथट होतात. उरतं ते घोंगडीखालून आल्यासारखं गाणं. नवी यंत्रं तर त्याच्याही पुढे जातात. जे ऐकू येत नाही ते स्वतःच्या अंदाजाने भरतात. म्हणजे जो सूर गवयाने लावलाच नाही तो त्याच्या नावावर. ज्यांना ऐकायला सोपी प्रत हवी त्यांनी खुशाल करून घ्यावी, पण तिला अण्णांची प्रत म्हणू नये आणि मूळ फाइल कुणी पुसू नये. ही मला हात जोडून विनंती करायची आहे.

आणि आवाजाबद्दल. ही सूचना वाचून मी रात्रभर अस्वस्थ होतो. अण्णांचे व्हॉइस मेसेज माझ्याकडेही आहेत. त्यात मागे कुकरच्या शिट्ट्या आहेत, गल्लीतल्या भाजीवाल्याची आरोळी आहे, मध्येच वहिनी हाक मारतात आणि अण्णा म्हणतात, 'आलो, एवढं सांगून येतो.' मग त्या बोलण्यात ते कुठल्याशा द्रुतातल्या तिहाईबद्दल काहीतरी सांगत असतात आणि नेमकं आठवेना की गप्प होतात. किती वेळ गप्प. 'थांबा, पाहून सांगतो,' म्हणतात आणि मेसेज तिथेच संपतो. दुसऱ्या दिवशी दुसरा मेसेज येतो, नीट पाहून केलेला. यंत्र असं थांबणार नाही. ते अण्णांच्या आवाजात अण्णांनी कधीच न म्हटलेलं वाक्य अडखळल्याशिवाय म्हणून टाकेल. जो माणूस सारंगियाचं नाव खात्रीशिवाय लिहायला तयार नव्हता, त्याच्या तोंडी आपण न बोललेले शब्द घालायचे? निवेदनाला आवाज हवाच असेल तर त्यांचे खरे मेसेज आहेत तसे लावू, कुकरच्या शिट्ट्यांसकट. त्यासाठीही आधी वहिनींना विचारू. त्या नको म्हणाल्या तर लावायचे नाहीत, विषय संपला.

ही सूचना ज्यांनी केली ते वयाने लहान आहेत आणि अण्णांचे फार लाडके होते, हे मला माहीत आहे. त्यांना अण्णांचा आवाज पुन्हा ऐकायचा आहे. मलाही ऐकायचा आहे. म्हणूनच सांगतो, जो आहे तो नीट सांभाळूया. फोन बदलताना असे मेसेज सहज जातात. प्रत्येकाने आपल्याकडचे बाहेर काढून तारखेसकट एका ठिकाणी द्यावेत.

आता एक कटू विषय. अण्णांनी उतरवलेल्या पुष्कळ रेकॉर्डी आज भलत्याच ठिकाणी ऐकायला मिळतात. एका वाहिनीने तर त्यांचं टिपण उडवून, स्वतःचं चिन्ह चिकटवून, वेगही पुन्हा बिघडवून त्या टाकल्या आहेत. अण्णांना हे कळलं होतं. त्यांनी तक्रार केली नाही, फक्त मला म्हणाले, 'साथीदारांची ओळ तेवढी ठेवायला हवी होती.' कायद्याने रेकॉर्ड ज्या वर्षी निघाली त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षांनी तिच्यावरचा ध्वनिमुद्रणाचा हक्क संपतो, शब्द आणि चाल यांचा हिशोब निराळा असतो. तेव्हा जुन्या रेकॉर्डी कुणी ऐकवल्या याला आपण हरकत घ्यायची नाही, अण्णांचीही नव्हती. गाणं फिरलंच पाहिजे. पण ज्याने दोन रात्री घालवून पट्टी लावली त्याचं टिपण काढून टाकणं हा निव्वळ कोडगेपणा आहे. बाहेरच्यांवर आपला इलाज नाही. आपण मात्र यापुढे त्यांची कुठलीही फाइल टिपणाशिवाय पुढे पाठवायची नाही, एवढं ठरवू शकतो.

टिपणांवरून वह्यांकडे येतो, कारण खरं काम तिथे आहे. मी मागच्या आठवड्यात सांगलीला जाऊन आलो. अण्णांच्या मुलीने वह्या दाखवल्या. आपल्याला पाठवलेली टिपणं हा त्यातला थोडासाच भाग आहे. बाकीचं सगळं पेन्सिलने, बारीक अक्षरात, काही एस.टी.च्या जुन्या फॉर्मच्या पाठीवर लिहिलेलं आहे. शेवटच्या वहीतलं एक टिपण जसंच्या तसं देतो:

'पुराची. आकडा अर्धा. बाई, मराठी पद, नाटकातलं वाटत नाही. पट्टी काळी एक धरून ७७. पेटी, सारंगी, तबला. सारंगी फार चांगली, दुसऱ्या अंतऱ्यानंतर बाईंच्या आधी जागा दाखवते. सारंगिया कोण? शोध सुरू. बाजू २ च्या शेवटी बाई काही बोलतात, चिरेमुळे कळत नाही. पुन्हा ऐकणे.'

'पुन्हा ऐकणे' याखाली दोन रेघा मारलेल्या आहेत.

म्हणून माझा प्रस्ताव असा. येत्या वर्षश्राद्धापर्यंत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री नऊला एक रेकॉर्ड, दोन्ही बाजू, पूर्ण. मध्ये कुणी लिहायचं नाही. आधी कुणीतरी एकाने अण्णांचं टिपण जसं आहे तसं वाचून दाखवायचं. भाषण नको, फुलांची चित्रं नकोत, पार्श्वसंगीत तर नकोच. ऐकून झालं की बोलायचं ते त्या रेकॉर्डीबद्दल. पहिल्या रविवारी ही पुराची, बिननावाच्या बाईंची लावूया. आपल्यापैकी कुणाच्या घरी आजी-पणजींच्या तोंडून हे पद ऐकलेलं असेल, कुणाला ती सारंगी ओळखू येईल. शेवटचं बाईंचं बोलणं हेडफोन लावून प्रत्येकाने स्वतंत्रपणे लिहून काढावं आणि मग पडताळून पाहावं. नाव मिळालं तर वहीत लिहायचं, आणि कशावरून मिळालं तेही. मिळालं नाही तर अण्णांनी लिहिलं तेच लिहायचं.

संग्रहाबद्दल थोडं. वहिनींना तो विकायचा नाही, पण त्यांच्याच्याने सांभाळवणारही नाही. मुलगी नोकरीनिमित्त बाहेर असते. घर पुन्हा पाण्यात जाणार नाही अशी खात्री कुणी देऊ शकत नाही, २०२१ मध्येही पाणी आलंच होतं. संग्रह फुटू नये, वह्या आणि रेकॉर्डी एकत्र राहाव्यात, आणि कुणालाही येऊन ऐकता यावं, एवढीच घरच्यांची अट आहे. मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने १९९० पासून या क्षेत्रात जे काम केलं आहे त्यामुळे असे संग्रह कसे ठेवावेत, कसे नोंदवावेत याचा अनुभव असलेली माणसं आज आहेत, त्यांचा सल्ला घेऊ. तोपर्यंत कुणीही 'मी थोड्या नेऊन ठेवतो' असं म्हणू नये, मग तो कितीही जवळचा असो. चार घरी गेलेल्या रेकॉर्डी परत एका घरी येत नाहीत. जुन्या बाजारात आणि चोरबाजारात आपण ज्या विकत घेतो, त्या कुणाच्या तरी अशाच फुटलेल्या संग्रहातल्या असतात.

तातडीने करायचं ते हे. वह्यांचे फोटो काढून झाले आहेत. ते मजकूर म्हणून टाइप करायला माणसं हवीत. अक्षर सरावाने लागतं, पण ज्यांना रागांची, तालांची नावं ठाऊक आहेत त्यांनाच ते नीट जमेल. न लागलेला शब्द मोकळा सोडा, अंदाज करू नका. सांगली-मिरजेकडच्यांनी एका रविवारी येऊन माळ्यावरच्या रेकॉर्डी खाली उतरवायला मदत करावी. नवी कागदी पाकिटं घालायची आहेत, आणि त्या आडव्या न रचता उभ्या लावायच्या आहेत. लाख ठिसूळ असते, आडव्या रचल्या तर ओझ्याने तळच्या जातात. एका खोक्यात पन्नासाहून जास्त नकोत. स्पिरिट, सॅनिटायझर, अत्तर, काहीही जवळ आणू नका.

वहिनींना थेट फोन करू नका. ज्यांना येणं किंवा टाइप करणं जमेल त्यांनी मला कळवावं, मी मुलीशी बोलून दिवस पक्का करतो. पुण्याहून येणाऱ्यांनी आपल्या जादा जाड सुया असतील तर बरोबर आणाव्यात, अण्णांची शेवटची झिजली आहे.

आपला,
मंडळातला एक श्रोता